थोडीशी हालचाल जाणवेल

जहाजावर सगळे त्याला भोंगा म्हणायचे. तोंडावर नाही म्हणायचे, पण पाठीमागे बोलताना आवाज खाली आणायची तसदीही कुणी घ्यायचं नाही, म्हणजे तोंडावरच म्हणा ना. नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. खोल्याखोल्यांतून, जिन्यांवरून, जेवणाच्या हॉलमधून, अगदी पोहण्याच्या तलावाकाठी लोळणाऱ्यांच्या डोक्यावरून दिवसभर जो आवाज यायचा, तो याचाच. "प्रिय प्रवासी मित्रहो" असं सुरू झालं की निम्मे लोक कान टवकारायचे आणि निम्मे कपाळाला हात लावायचे.

तसं त्याचं काम चौकशीच्या काउंटरवरचं. खोलीची किल्ली हरवली, नळाला गरम पाणी नाही, शेजारचे गृहस्थ घोरतात, असल्या तक्रारी ऐकायच्या आणि "लगेच बघतो" म्हणायचं. पण समुद्र बिघडला की त्याची खरी परीक्षा. कारण वादळ आलंय हे लोकांना सांगायचं त्यानेच, आणि वादळ हा शब्द मात्र तोंडातून जाऊ द्यायचा नाही. कंपनीचा तसा नियमच होता. वादळाला म्हणायचं बदलतं हवामान. एखाद्या बंदरावर थांबायचं रद्द झालं की म्हणायचं मार्गातला छोटासा फेरफार. आणि लाटा खालच्या मजल्यावरच्या खिडक्या धुऊन काढायला लागल्या की म्हणायचं, थोडीशी हालचाल जाणवेल.

या शेवटच्या वाक्यात तर त्याचा हातखंडा होता. इतक्या गोडीने म्हणायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं कुणी पाळण्याला झोका देतंय. तोवर इकडे सफाईवाले जिन्यांच्या कठड्यांना उलटीच्या कागदी पिशव्या खोचत सुटलेले असायचे. जुने मुरलेले प्रवासी भोंग्याकडे लक्षच द्यायचे नाहीत. ते कठडे बघायचे. पिशव्या दिसल्या की निमूट खोलीत जाऊन आडवे व्हायचे.

आता याच्यापुढची गोष्ट जहाजावर फार कुणाला ठाऊक नव्हती. या आपल्या भोंग्याला बोट लागायची. काहींना गाडी लागते ना, तशी. आणि थोडीथोडकी नाही, चांगली सपाटून. माइकखालच्या खणात त्याने हिरवी सफरचंदं आणि कोरडी बिस्किटं भरून ठेवली होती. "थोडीशी हालचाल जाणवेल" म्हणून झालं, की माइकचं बटण बंद करायचा आणि सफरचंदाला कचकन चावा घेऊन डोळे मिटून उभा राहायचा. "वा रे पठ्ठे," तो स्वतःलाच म्हणायचा, "समुद्राच्या जिवावर पोट भरतोस, आणि पोटात काही ठरेल तर शपथ!"

या खेपेला मात्र काळजीपोटी खणातली सफरचंदं आधीच निम्मी झाली होती, कारण जहाजावर त्याची आई होती.

आईला यायचं होतं ते काही समुद्र बघायला नाही. तिची थोरली बहीण, म्हणजे भोंग्याची मावशी, वाटेतल्या एका बेटावर राहायची. आईची आई लवकर गेली, तेव्हा या ताईनेच तिला न्हाऊमाखू घातलं, केस विंचरले, शाळेत सोडलं. पुढे ताई लग्न होऊन बेटावर गेली. सुरुवातीला येणंजाणं होतं, मग संसार वाढले, मग गुडघे गेले. आता ताईचं हृदय अगदी कमजोर झालं होतं, तिला प्रवास नको असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि आईचं कानाचं ऑपरेशन झाल्यापासून तिला विमान बंद. दोघी फोनवर बोलायच्या आणि फोन ठेवताना दोघीही म्हणायच्या, "आता भेटलंच पाहिजे गं."

बेटाच्या समोरच्या किनाऱ्यावरून तिथे एक फेरीबोट जायची. आईने तिचं नाव काढलंही होतं. भोंग्याने ते उडवून लावलं होतं. "छे छे, आई! ती एवढीशी बोट, नुसती उड्या मारते. तुला झेपणार नाही." कुणाला झेपणार नव्हतं ते वेगळं सांगायला नको. त्यापेक्षा कंपनी नातेवाइकांना कधीमधी सवलतीत नेते, तर आपल्याच मोठ्या जहाजातून आईला ऐटीत घेऊन जाऊ, असा बेत त्याने काढला. हंगामातली ही शेवटची फेरी. यानंतर जहाज दुसऱ्या समुद्रात जाणार होतं, ते पुढच्या वर्षीच परत. आई हरखून गेली. ताईसाठी विणलेला स्वेटर तिने बॅगेत सगळ्यात वर ठेवला, आणि जहाजावर पाऊल टाकल्यापासून भेटेल त्याला सांगत सुटली, "तो आवाज येतो ना, तो माझा मुलगा!"

बेट उद्यावर आलं, आणि आभाळाने रंग बदलला.

कॅप्टनने खातेप्रमुखांना बोलावून दोन वाक्यांत निकाल लावला. एवढ्या वाऱ्यात त्या अरुंद धक्क्याला जहाज लावायचं म्हणजे ते धक्क्यावर आपटून घ्यायचं. बेट वगळायचं आणि किनाऱ्याच्या आडोशाला जाऊन उभं राहायचं. काउंटरच्या प्रमुख होत्या मोठ्या बाई. त्यांनी खाली येऊन भोंग्याला सांगितलं, "बेट गेलं. पण एवढ्यात बोलायचं नाही. हेड ऑफिसकडून मजकूर येईल, मग सकाळी जाहीर करायचं. तोपर्यंत कॅप्टन परिस्थितीवर लक्ष ठेवून आहेत, एवढंच म्हणा." म्हणजे वादळ येऊन ठेपलं होतं, आणि त्याला काय म्हणायचं ते अजून यायचं होतं.

भोंग्याने खण उघडून एक सफरचंद काढलं, आणि या वेळी दोष लाटांचा नव्हता. मोठ्या बाई वळल्या तेवढ्यात पर्स छातीशी धरून आई काउंटरवर हजर.

"अरे, उद्या उतरायचं ना? ताईला कळवायचंय."

खरं सांगायची वेळ ती होती. आई समोर उभी होती, काउंटरवर दुसरं कुणी नव्हतं, आणि आईला सांगून ठेवलं म्हणून मोठ्या बाईंनी काही त्याला समुद्रात ढकललं नसतं. पण त्या चेहऱ्याकडे बघून त्याची जीभच उचलेना. आणि जीभ उचलली, तेव्हा ती सवयीच्या वाटेने गेली.

"उतरायचं ना, आई! का नाही उतरायचं? थोडीशी हालचाल जाणवेल, बाकी काही नाही."

आईने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. "बरं," म्हणाली आणि जिन्याकडे गेली. कठड्याला नुकत्याच पिशव्या खोचल्या होत्या. भोंग्याने दुसरं सफरचंद काढलं आणि स्वतःला चार शिव्या घातल्या, त्याही मनातल्या मनात, कारण जवळ माइक होता.

रात्रीच्या जेवणाला आईच्या टेबलावर एक निवृत्त हेडमास्तर बसायचे. माणूस घोषणेतल्या चुका काढणारा. ते म्हणाले, "लक्ष ठेवून आहेत म्हणे! नुसतं लक्ष ठेवून काय होतंय? बाई, तुमचे चिरंजीव काय म्हणतात?"

"तो म्हणाला, उतरायचं," आई म्हणाली. तिने काही खोटं सांगितलं नाही. तो म्हणालाच होता.

झालं! गोड पदार्थ येईपर्यंत ते वाक्य हॉलच्या दुसऱ्या टोकाला पोचलं. माइकवरच्या भोंग्यावर लोकांचा काडीचा विश्वास नव्हता. पण भोंग्याने आईला सांगितलंय म्हणजे ही आतली बातमी! स्वतःच्या आईशी कुणी खोटं बोलतं का? ज्यांनी निराश होऊन कॅमेरे बॅगेत टाकले होते त्यांनी ते परत काढले.

सकाळी हेड ऑफिसचा मजकूर आला, मोठा सुरेख. प्रतिकूल सागरी परिस्थिती, प्रवाशांची सुरक्षितता हेच आमचं प्राधान्य, मार्गातला छोटासा फेरफार, वगैरे. भोंग्याने तो लोण्यासारख्या आवाजात वाचला. दुसऱ्यांदाही वाचला. काही क्षणांत मोठ्या बाई धापा टाकत आल्या.

"तुमच्या मातोश्रींनी बंड पुकारलंय! खाली उतरायच्या दरवाज्यापाशी ही भली थोरली रांग लागलीय. मी सांगितलं तर म्हणतात, माइकवर असंच सांगतात, आम्हाला आतून कळलंय. जा आता, तुम्हीच निस्तरा."

भोंगा हातातला माइक घेऊन खाली गेला. बघतो तर काय, रेनकोट घातलेले, टोप्या बांधलेले, गळ्यात कॅमेरे अडकवलेले लोक एका हाताने कठडा धरून ओळीने उभे. जहाज डावीकडे कललं की सगळी रांग डावीकडे, उजवीकडे कललं की उजवीकडे. आणि रांगेत सगळ्यात पुढे, बंद दरवाज्याला नाक लावून, ठेवणीतला निळा कोट घातलेली त्याची आई. हातात स्वेटरची पिशवी.

"प्रिय प्रवासी मित्रहो," भोंग्याने सुरू केलं, "मार्गातल्या छोट्याशा..."

"अहो, थांबा!" हेडमास्तर ओरडले. "काल आईंना काय सांगितलंत? ते खरं की हे खरं?"

सगळी रांग त्याच्याकडे बघायला लागली. आई तेवढी दरवाज्याकडे बघत होती. भोंग्याने हेड ऑफिसचा एखादा शब्द आठवून बघितला, पण डोकं सुन्न झालं होतं. जहाजाने एक गचका दिला, त्याने कठडा धरला, आणि जे होतं ते तोंडातून बाहेर पडलं.

"हे खरं. वादळ आहे. चांगलं मोठं वादळ आहे. आज कुणीही उतरणार नाही. मला हे कालच माहीत होतं. आईला सांगवेना म्हणून खोटं बोललो."

मग जो काही गलका उठला! फसवणूक, नुकसानभरपाई, तक्रार करू, कॅप्टनला बोलवा. एक रेनकोटवाले गृहस्थ तर म्हणाले, मी या वादळाविरुद्ध वरपर्यंत जाईन. भोंगा उत्तर देणार होता. पण जहाजाने दुसरा गचका दिला, तो पहिल्याहून जबर होता, आणि भोंग्याचं तोंड एकदम पांढरंफटक पडलं. त्याने इकडेतिकडे बघितलं. जवळपासच्या पिशव्या रांगेतल्यांनी केव्हाच संपवल्या होत्या. तेवढ्यात आईने शांतपणे पर्स उघडली, घडी घातलेली एक कागदी पिशवी काढली आणि त्याच्या तोंडापुढे धरली.

पुढचं सविस्तर सांगत नाही. एवढंच सांगतो की माइक चालू होता.

त्या घोषणेत एकही गोड शब्द नव्हता, पण ती पहिल्या फटक्यात सगळ्यांना पटली. मागून कुणाला तरी हसू फुटलं, आणि मग सगळी रांग हसत सुटली. हेडमास्तरांनी स्वतःचा रुमाल पुढे केला. "अहो, यालाच लागतेय, तर आपली काय कथा!" रेनकोटवाले म्हणाले आणि कठडे धरत धरत लोक पांगले. कंपनीने मग सगळ्यांना फुकट आइस्क्रीम जाहीर केलं. तशा समुद्रात ते खायची कुणाची छाती होती!

भोंगा तोंड धुऊन आईच्या खोलीत गेला. तो ओशाळला होता, पण त्याहून दुसरीच एक गोष्ट त्याला टोचत होती. आई पलंगावर बसली होती, अंगात कोट तसाच.

"आई, ती पिशवी तुझ्याकडे कुठून आली?"

"काल कठड्यावरून काढून ठेवली. तुला लागणार हे काय मला माहीत नाही? लहानपणी झोपाळ्यावर बसवला तरी ओकायचास."

"म्हणजे वादळ येणार हे तुला कालच कळलं होतं?"

"तू बोललास तेव्हाच कळलं. खोटं बोलताना तुझा आवाज गोड होतो. पहिल्यापासूनच." ती मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे करत होती. "ताईला कालच फोन केला, धक्क्यावर येऊ नकोस म्हटलं."

"मग रांगेत कशाला उभी राहिलीस?"

"तू म्हणालास ना, उतरायचं. लोक विचारत होते मला. चारचौघांत तुझा शब्द पडू द्यायचा का मी?" एवढं म्हणून ती थांबली. मग तिचा आवाज बदलला. "आणि खरं सांगू? मनात म्हटलं, एखाद वेळी याचंच खरं निघेल. दरवाजा उघडेल. काल ताई विचारत होती, पुढच्या वर्षी मी असेन का गं? काय सांगायचं रे तिला?"

आणि आई रडायला लागली. आवाज न करता, कोटाच्या बाहीत तोंड लपवून. भोंग्याला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती, मघाशी माइक चालू असतानाही नाही. तो आईच्या पायाशी जमिनीवर बसला, आणि तसं बसल्यावर पोटालाही जरा बरं वाटलं हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचीही त्याला लाज वाटली.

"चुकलं माझं, आई," तो म्हणाला. "आपण फेरीबोटीने जाऊ."

आईने बाहीतून तोंड काढलं. "तुला झेपेल?"

"नाही," भोंगा म्हणाला. बऱ्याच काळात त्याने कुणाला इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं.

जहाज त्या फेरीबोटीच्याच किनाऱ्याच्या आडोशाला जाऊन उभं राहिलं. वारा उतरला, प्रवाशांना बसमधून गाव दाखवायला नेलं, आणि फेरीबोट सुटणार असं कळलं. भोंगा सुट्टी मागायला गेला.

"तुम्ही? फेरीबोटीने?" मोठ्या बाईंनी तोंडावर हात धरला, पण हसू काही आवरेना. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "जा, जा. पण संध्याकाळपर्यंत या." आणि मागे हाक मारून कागदी पिशव्यांचं एक अख्खं पुडकं त्याच्या हातात दिलं.

फेरीबोट बघूनच भोंग्याने पिशव्यांचं पुडकं उघडलं. डिझेलचा वास, कांद्याची पोती, कोपऱ्यात दोन शेळ्या. वारा पडला होता, पण समुद्राच्या अंगातलं वारं गेलं नव्हतं. बोट वर गेली की आभाळ दिसायचं, खाली आली की पाणी. किनारा सुटायच्या आतच पहिली पिशवी खर्ची पडली. शेळ्या रवंथ करत त्याच्याकडे बघत होत्या. त्यांच्यासमोर तरी अब्रू राहावी असं त्याला वाटलं, पण तेही जमलं नाही. आई मात्र पोत्यावर ताठ बसली होती. तिला काही म्हणजे काही होत नव्हतं. एवढी वर्षं 'तुला झेपणार नाही' म्हणून हिला घरी बसवलं! भोंग्याला स्वतःचेच दोन कान धरावेसे वाटले, पण हात पिशवीत अडकलेले.

"आई, किती राहिलं गं?" तो कण्हला.

आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि हुबेहूब त्याच्याच सुरात म्हणाली, "प्रिय प्रवासी मित्रहो, थोडीशी हालचाल जाणवेल. बंदर आलंच हां आता."

भोंग्याने एक डोळा उघडून बघितलं. बंदर कुठलं! चहूकडे नुसतं पाणी. ही शुद्ध थाप होती हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार? पण गंमत बघा, त्याला बरं वाटलं. जो माल त्याने जन्मभर लोकांना विकला, तो आज पहिल्यांदा स्वतः चाखला. त्याने डोळा मिटला आणि तो हात पाठीवरून फिरत राहू दिला.

धक्क्यावर मावशी खुर्चीत बसली होती. आईचा फोन आल्यावर शेजाऱ्यांनी तिला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. आई बोटीतून उतरली आणि दोन पावलं चालून तिथेच थांबली, जणू पुढे कसं जायचं ते विसरली. मावशीने हात पुढे केला. मग आई खाली बसली, मावशीने बोटांनी तिचे वाऱ्याने विस्कटलेले केस मागे सारले, आणि म्हणाली, "विंचरले नाहीस ना आज?" बराच वेळ दोघी तशाच होत्या.

भोंगा मागे शेळ्यांच्या शेजारी उभा होता. हिरवा पडलेला, डोळे लाल, शर्ट चुरगळलेला, हातात पुडक्यातली उरलेली एकुलती एक पिशवी. मावशीचं त्याच्याकडे लक्ष गेलं.

"अगं बाई! याचं काय झालं हे? हा तर बोटीवर मोठा साहेब ना? समुद्र फार खवळलाय का?"

"छे गं," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम गोड झाला होता. "समुद्र अगदी शांत होता. तुला बघून भरून आलंय त्याला, म्हणून डोळे लाल झालेत."

मावशीने त्याच्याकडे बघत दोन्ही हात पसरले. भोंगा पुढे झाला, खुर्चीपाशी वाकला, काहीतरी छान बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण आवाज म्हणून फुटेना. आईचा शब्द पडू द्यायचा नाही म्हणून की काय, त्याला तिथेच, सगळ्या धक्क्यासमोर, हमसून हमसून रडू आलं.